काळीवरचा आळ

कोल्हापूर आणि भोवतीच्या उपनगरांत घर बांधून पूर्ण झाले की बागेची पहिली तयारी म्हणून अंगणातली काळी माती उपसून टाकायची आणि तिच्या जागी पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातली लाल माती ब्रासच्या हिशेबाने आणून भरायची, हा प्रघात आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याला काही कारण द्यावे लागते असे कोणाला वाटत नाही. विचारलेच तर उत्तर ठरलेले असते. काळी माती चिकट असते, पाणी धरून ठेवते, तिच्यात मुळे कुजतात, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात; लाल माती मात्र भुसभुशीत असते, तिच्यातून पाण्याचा निचरा होतो आणि रोपवाटिकेतले रोपही तिच्यातच वाढलेले असते, म्हणून बागेची माती ती लाल माती. या उत्तरातली निरीक्षणे बहुतांशी खरी आहेत आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. ज्या दोषांबद्दल काळ्या मातीला शिक्षा दिली जाते त्यांतले बरेचसे तिचे नाहीतच. ते बांधकामाच्या काळात तिच्यावर लादलेले आहेत आणि उरलेले तिथल्या तिथे, अंगणातच पडणाऱ्या पालापाचोळ्याने सुधारता येण्याजोगे आहेत.

या समजाचे मूळ शोधायचे तर ते बागेत सापडत नाही, घराच्या पायात सापडते. काळ्या मातीतील चिकणकण ओले झाले की फुगतात आणि वाळले की आक्रसतात, त्यामुळे तिच्यावर उथळ पाया घेतलेल्या भिंतींना तडे जातात. म्हणून कोणताही जाणता अभियंता काळी माती उपसून खाली मुरूम लागेपर्यंत खोदायला सांगतो, आणि त्याचा तो सल्ला बरोबरच असतो. घोटाळा होतो तो पुढे. पायाला वाईट म्हणून ठरलेली माती त्याच ठेकेदाराच्या, त्याच गवंड्याच्या आणि त्याच घरमालकाच्या मनात सरसकट 'वाईट माती' होऊन बसते आणि पायाविषयीचा निकाल कोणतीही नवी चौकशी न करता बागेला लावला जातो. मराठी मुलखातील जुन्या गावगाड्याने हा घोटाळा होऊ दिला नव्हता. गावाच्या जमिनीची 'काळी' आणि 'पांढरी' अशी विभागणी त्याने केली होती: पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. काळीवर घर उभे करू नये हे त्या विभागणीत होते तसेच काळी हीच पिकवणारी, हेही होते, आणि म्हणूनच शेतकऱ्याच्या तोंडी ती 'काळी आई' झाली. गेल्या काही दशकांत कोल्हापूर शहर कसबा बावडा, फुलेवाडी अशा बाजूंनी उसाच्या रानांत शिरले, म्हणजे पांढरी काळीवर चढली. आणि आता काळीवर बसलेले घर त्या काळीलाच पिकाला नालायक ठरवते आहे.

बांधकाम चालू असताना अंगणातल्या मातीचे काय होते हे पाहिले की तिच्यावरचा आळ किती खोटा आहे ते ध्यानात येते. पाया खणताना खालचा मुरूम आणि त्याहून खालची कच्ची, निर्जीव माती वर येते आणि ती शेजारच्या सुपीक वरच्या थरावर पसरली जाते. त्यावरून जेसीबी, खडीचे डंपर आणि काँक्रीटच्या गाड्या फिरतात, त्याही बहुधा माती ओली असताना. सिमेंटचे पाणी, चुन्याचा आणि विटांचा रबिश तिच्यात मिसळतो, त्याने आधीच अल्कधर्मी असलेल्या मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, आणखी वर चढतो. सुदृढ मातीच्या घनफळात ढोबळमानाने निम्माच भाग घन पदार्थांचा असतो आणि उरलेला निम्मा पोकळ्यांचा. त्या पोकळ्यांत अर्धे पाणी आणि अर्धी हवा असेल तर मुळे सुखाने वाढतात. जड यंत्र ओल्या चिकणमातीवरून एकदा गेले तरी या पोकळ्यांतल्या मोठ्या पोकळ्या आधी चेपल्या जातात, आणि पाणी खाली जाण्याची व हवा आत येण्याची वाट नेमकी तीच असते. असे वर्षभर चेपलेल्या मातीत लावलेले जास्वंद पहिल्याच पावसाळ्यात पिवळे पडले, तर तो दोष मातीच्या रंगाचा कसा म्हणता येईल? त्याच यंत्रांखाली लाल माती असती तर तीही अशीच मेली असती.

येथे मातीच्या दोन गुणांतला फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण लाल मातीचा सारा पुरस्कार या दोहोंची गल्लत करण्यावर उभा आहे. मातीत वाळूचे, गाळाचे आणि चिकणकणांचे प्रमाण किती यावर तिचा पोत ठरतो. हे कण एकमेकांना धरून कसल्या आकाराचे गोळे बनवतात आणि त्यांच्यामध्ये किती पोकळी राहते यावर तिची घडण ठरते. पोत माणसाच्या आयुष्यात बदलत नाही. घडण एका पावसाळ्यात बिघडू शकते आणि तीन-चार वर्षांत सुधारूही शकते. घडण चांगली असलेली काळी माती हातात घेतली तर ती चिवड्यासारखी सुटी, रवाळ आणि ओलसर लागते. घडण मोडलेली तीच माती ओली असताना लोण्यासारखी लिबलिबीत आणि वाळल्यावर ढेकूळ होते. 'काळी माती चिकट असते' असे म्हणणारा पोताचे वर्णन करतो आहे असे त्याला वाटते, प्रत्यक्षात तो मोडलेल्या घडणीचे वर्णन करत असतो. खेदाची बाब अशी की मातीची सरकारी तपासणीही हा फरक नोंदवत नाही. २०१५ पासून देशभर दिली जाणारी मृदा आरोग्य पत्रिका सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये असे बारा घटक मोजते. ते मोजलेच पाहिजेत, परंतु पाणी मातीत किती वेगाने मुरते आणि मातीचा गोळा पाण्यात टिकतो की विरघळतो हे त्या कागदावर येत नाही, आणि बागेचा निकाल पुष्कळदा याच दोन गोष्टींवर लागतो.

आता काळ्या मातीच्या अंगच्या बळाकडे पाहावे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनलेला दख्खनचा काळा पाषाण झिजून ही माती झाली आणि त्या झिजेतून तिला मिळालेले मुख्य चिकणखनिज म्हणजे माँटमोरिलोनाइट. या खनिजाचे कण पापुद्र्यांसारखे, एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या आतही शिरते, त्यामुळे त्याच्या एका ग्रॅमचे एकूण पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. म्हणजे चमचाभर, पाच ग्रॅम शुद्ध खनिजाचा पृष्ठभाग एकराच्या जवळपास जातो. या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश, अमोनियम अशी धनभारित अन्नद्रव्ये त्याला चिकटून राहतात, पावसाने सहज वाहून जात नाहीत आणि मुळांनी मागितली की सुटतात. मातीच्या या धारणशक्तीला धन-आयन विनिमय क्षमता म्हणतात. शंभर ग्रॅम मातीमागे मिलीइक्विव्हॅलंट या एककात ती मोजली तर काळ्या मातीत साधारण ३५ ते ६० भरते. जांभ्यापासून झालेल्या लाल मातीत ती बहुधा १५ च्याही आत राहते. हा फरक खताच्या गोणीने भरून निघण्यातला नाही, कारण ज्या मातीला धरून ठेवण्याची जागाच कमी, तिला दिलेले खत पुढच्या जोरदार सरीबरोबर निघून जाते.

भेगांविषयीही असेच. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा हा काळ्या मातीचा रोग समजला जातो, प्रत्यक्षात तो तिचा स्वभाव आहे आणि तो उपकारक आहे. वरची सुटी माती त्या भेगांत पडते, पहिल्या पावसात खालची माती फुगून वर ढकलली जाते, आणि अशा रीतीने माती स्वतःच स्वतःला वर्षानुवर्षे उलथत राहते. मृदाशास्त्राने या मातीला व्हर्टिसॉल हे नाव दिले ते उलथणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरूनच. भेगांनी कोवळी मुळे तुटतात हे खरे आहे. मात्र मोठ्या भेगा पडतात त्या उघड्या, उन्हात भाजणाऱ्या जमिनीला. आच्छादन असलेल्या जमिनीत त्या बारीक राहतात.

आता लाल माती. कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्व-पश्चिम छेद घेतला तर गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, शहरात तो हजाराच्या आसपास येतो आणि शिरोळकडे पाचशे-सहाशेवर उतरतो. दोन्ही टोकांना मूळ खडक एकच आहे. पाऊस वेगळा आहे म्हणून माती वेगळी आहे. अतिपावसाने लाखो वर्षे धुतल्या गेलेल्या पश्चिमेकडच्या खडकातून चुना, मॅग्नेशियम, पालाश आणि सिलिकाही वाहून गेली आणि मागे राहिली ती लोखंडाची व अॅल्युमिनियमची ऑक्साइडे. लोखंडाच्या गंजाचा तो रंग म्हणजेच लाल मातीची लाली. ही धुलाई किती टोकाला गेली आहे याची खूण म्हणजे राधानगरीतील दुर्गमानवाड, तसेच शाहूवाडी आणि चंदगड भागांतील बॉक्साइटचे साठे: जांभा आणखी धुतला जाऊन जे उरते ते अॅल्युमिनियमचे खनिज. अशा मातीचा सामू बहुधा आम्लतेकडे झुकतो आणि तिच्यातली ऑक्साइडे स्फुरदाला, म्हणजे मूळ व फूल धरायला लागणाऱ्या अन्नद्रव्याला, इतके घट्ट जखडतात की घातलेले स्फुरदही झाडाला सहजी मिळत नाही. जांभ्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये मलबारातील निरीक्षणांवरून विटेसाठीच्या लॅटिन शब्दापासून घडवले, कारण हा थर ओला असताना कापता येतो आणि हवेत वाळून विटेसारखा टणक होतो. कोकणात आणि पन्हाळ्याच्या परिसरात ज्याचे चिरे काढून घरे बांधतात त्याच थराची भुकटी अंगणात भरली, तर ती पुढे वरून कठीण कवच धरू शकते यात नवल नाही. मग 'माती जुनी झाली' असे म्हणून पुन्हा नवी गाडी मागवली जाते.

डोंगरातल्या जंगलाखाली हीच लाल माती इतकी समृद्ध का दिसते, हा प्रश्न लाल मातीचे समर्थक हटकून विचारतात. त्याचे उत्तर त्यांच्या विरुद्ध जाते. तिथली समृद्धी खनिजात नाही. ती दरवर्षी पडणाऱ्या पानांच्या थरात, त्या थराखालच्या बुरशीच्या जाळ्यात आणि वरच्या काही इंचांतल्या कुजक्या काळसर मातीत आहे. जंगल तोडले, वरचा थर खरवडला आणि खालची लाल माती ट्रकमध्ये भरली की ती समृद्धी डोंगरावर मरते आणि अंगणात येत नाही.

लाल मातीला कोल्हापुरात जो मान आहे त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते आदराने नोंदवले पाहिजे. ही कुस्तीची पंढरी आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये उभे राहिलेले खासबाग मैदान आणि गल्लोगल्लीच्या तालमी यांनी 'लाल माती' या शब्दालाच एक पावित्र्य दिले. तालमीच्या हौद्यातली माती तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर घालून रोज उकरली जाते, चाळली जाते, जपली जाते. ती जपणूक पडणाऱ्या अंगाला मऊ लागावे आणि कातडीला जखम होऊ नये यासाठी असते. तिथे काही उगवू नये अशीच व्यवस्था असते. हौद्यातून घेण्यासारखा धडा रंगाचा नाही, रोजच्या निगराणीचा आहे. जी पेठ आपल्या हौद्यातल्या मातीची इतकी काळजी घेते, तिच्याच परसातली माती वर्षभर उघडी, तुडवलेली आणि भाजलेली असावी हे कोल्हापूरला शोभत नाही.

रोपवाटिकेचा दाखला मात्र वेगळा तपासला पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. कुंडी हे लहान, तळाशी भोक असलेले भांडे आहे. त्यात नुसती काळी माती भरली तर ती पाण्याने घट्ट होते, वाळताना कडा सोडते आणि पाणी कडेने निसटून जाते. म्हणून कुंडीसाठी हलकी लाल माती, शेणखत आणि कोकोपीट किंवा भाताचे तूस यांचे मिश्रण वापरणे योग्यच आहे. रोप स्वस्तात आणि हलके वाहून नेता यावे ही रोपवाटिकेची गरजही रास्त आहे. परंतु कुंडीचा नियम जमिनीला लागू होत नाही, कारण जमिनीला तळ नसतो. उलट चेपलेल्या काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत लाल माती भरली की तिथे कृत्रिम तळ तयार होतो: पावसाचे पाणी लाल मातीतून झपाट्याने खाली जाते, भोवतीच्या चेपलेल्या भिंतींत शिरू शकत नाही, आणि खड्डा हौदासारखा भरून राहतो. मुळे ज्या कुजण्यापासून वाचवायची होती त्याच कुजण्याची ही हमी आहे. जी मुळे वाचतात ती खड्ड्याच्या सीमेवर येऊन कुंडीत फिरावीत तशी गोल फिरू लागतात, आणि पाच-सहा वर्षांनी वादळी वळवात असे झाड समूळ उन्मळते. काळीत वाळू मिसळण्याचा उपायही असाच फसवा आहे. चिकणमातीचा पोत खरोखर बदलायचा तर घनफळाने निम्म्याहून अधिक वाळू लागते. त्याहून कमी घातली तर चिकणकण वाळूच्या फटी भरून काढतात आणि मिश्रण गिलाव्यासारखे बसते.

काळ्या मातीचा एक दोष मात्र खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. तिच्यात अनेक ठिकाणी चुनखडी असते, सामू ७.५ ते ८.५ च्या दरम्यान जातो आणि त्या सामूला लोह व जस्त मातीत असूनही झाडाला घेता येत नाहीत. अनंत, एक्झोरा, गुलाब यांची कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात ती यामुळे. कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी दिल्याने हा दोष वाढतो. अशा झाडांसाठी उंच वाफा करावा, कुजलेले खत भरपूर द्यावे, फार तर चिलेटेड लोह फवारावे, किंवा अनंत कुंडीत लावावा. दोन-तीन झाडांच्या तक्रारीसाठी सबंध अंगणाची माती हद्दपार करणे हा न्याय नव्हे. पेरू, सीताफळ, लिंबू, कडुनिंब, करंज, शेवगा, मोगरा, तगर यांना थोडी निगा आणि उभे न राहणारे पाणी मिळाले तर काळी जमीन मानवते.

मग करायचे काय, तर आधी काय करू नये ते पाळायचे. ओल्या काळ्या मातीला हात लावू नये. मराठीत 'वाफसा' हा जो शब्द आहे त्यात मातीच्या आरोग्याचे अर्धे शास्त्र आहे: माती ओली आहे पण चिकट नाही, तिच्यात ओल आहे तशी हवाही आहे, मुठीत दाबलेला गोळा टिचकीने फुटतो, ती स्थिती म्हणजे वाफसा. शेतकरी वाफशाची वाट पाहतो; बागेत मात्र सुटीचा दिवस पाहून चिखलात कुदळ चालवली जाते आणि मग मातीला नावे ठेवली जातात. चेपलेला थर एकदाच, वाफशावर, कुदळीने किंवा पहारीने उकलून द्यावा आणि त्यानंतर खोदणे थांबवावे. पुढचे काम मुळांचे, गांडुळांचे आणि बुरशीचे असते. बुरशीचे धागे आणि सूक्ष्मजीवांचे चिकट स्राव मातीच्या कणांना बांधून पाण्यात न विरघळणारे रवे तयार करतात. मातीची घडण म्हणतात ती हीच. दर खोदाईला हे बांधकाम मोडते. विकतच्या गांडूळखतातली गांडुळे बहुधा उकिरड्यातली, खतात राहणारी जात असतात, ती जमिनीत टिकत नाहीत. जमिनीत खोल बिळे करणारी इथली गांडुळे मात्र वर आच्छादन आणि खाली ओल मिळाली की आपोआप येतात, त्यांना विकत आणावे लागत नाही.

सारा प्रश्न येऊन थांबतो तो आच्छादनावर. शिशिरात वर्षावृक्ष, सोनमोहर, करंज, कडुनिंब पाने टाकतात आणि शहरातल्या किती तरी घरांपुढे, सोसायट्यांत आणि रस्त्यांच्या कडेला ती झाडून, ढीग करून जाळली जातात. ज्या घराने मातीच्या गाडीसाठी पैसे मोजले तेच घर माती बनवणारा पदार्थ पेटवून देते, याहून मोठा तोटा कोणता? पाने जळताना त्यांतले नत्र जवळपास सगळे आणि गंधक बऱ्याच अंशी हवेत जाते, कर्ब जातो, आणि मागे उरते ती राख अल्कधर्मी असते, म्हणजे काळ्या मातीच्या ज्या एका खऱ्या दोषाला उतारा हवा होता तो दोष राखेने वाढतो. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी बागेचा कचरा जाळायला मनाई केली. तरीही जाळणे चालू राहते, कारण त्याच्या समर्थनार्थ तीन भीती पुढे केल्या जातात: पाल्यात साप येतात, वाळवी लागते, डास होतात. साप उंदरांमागे येतो आणि उंदीर खरकट्यामागे. हाताच्या चार बोटांएवढ्या पाचोळ्याच्या थरात उंदीर बीळ करत नाही. वाळवीसाठी आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवले की पुरते. डेंगीचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, कुंडीखालच्या बशीत आणि टाकून दिलेल्या टायरात. एक सावधगिरी मात्र खरी आहे: सुकी पाने मातीत मिसळून पुरू नयेत, कारण त्यांत कर्ब फार आणि नत्र थोडे असल्याने कुजवणारे जीवाणू मातीतलेच नत्र उचलतात आणि झाड उपाशी राहते. तीच पाने वर पसरली तर हा त्रास जवळजवळ होत नाही.

हे केवळ बागेपुरते अनुमान नाही, याच जिल्ह्यातल्या शेतात ते तपासले गेले आहे. उसाच्या एका हेक्टरात तोडणीनंतर आठ ते दहा टन पाचट राहते. ते पेटवून देण्याची सवय अजून गेलेली नाही. तरी ज्या रानांत खोडव्यात सरीआड पाचट ठेवले जाते तिथे पाण्याच्या पाळ्या लांबतात आणि जमीन मऊ होते, हे त्या शेतकऱ्यांनाच माहीत आहे. कोल्हापूरचे कृषी पदवीधर शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी नांगरणीशिवाय शेतीचा जो विचार मांडला, त्याचा गाभा हाच की जमिनीत राहिलेले मूळ आणि खोड जागच्या जागी कुजू दिले तर ते जमिनीला बाहेरून आणलेल्या खताहून अधिक देते आणि त्यांच्या जागी उरणाऱ्या नळ्यांतून पाणी व हवा खाली जाते. त्यांचे क्षेत्र ऊस-भाताचे होते. तत्त्व परसाला तसेच लागू पडते. शिरोळ तालुक्याची कथा याची दुसरी बाजू दाखवते. तिथली खोल काळी जमीन अतिपाण्याने क्षारपड झाली. शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला गेला आणि पडीक पडलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. तिथे कोणी माती बदलली नाही. पाण्याला वाट दिली, आणि तीच काळी पुन्हा पिकली. त्याहूनही जुना दाखला माळव्यातला आहे: अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि जी पुढे जगभर गेली, ती काळ्या मातीवरच उभी राहिली.

उरतो प्रश्न त्या डोंगराचा, जिथून लाल माती येते. शहरातल्या चर्चेत तो कधीच नसतो. सेंटिमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. पाच हजार मिलिमीटर पावसाच्या उतारावर ती खरवडून उघडी टाकली की उरलेली एका पावसाळ्यात ओढ्यात जाते आणि तो गाळ कासारी-कुंभी-भोगावतीवाटे पंचगंगेच्या पात्रात येऊन बसतो, ज्या पंचगंगेने २०१९ आणि २०२१ मध्ये याच शहराची दारे ओलांडली. पुराचे कारण तेवढेच आहे असे कोणी म्हणणार नाही. पण उतारावरची माती काढणे नदीच्या हिताचे आहे असेही कोणाला म्हणता येणार नाही. याच सह्याद्रीतले राधानगरी अभयारण्य २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले. कायद्याच्या दृष्टीने माती गौण खनिज आहे आणि व्यापारासाठी ती काढायला परवाना लागतो, याची आठवण गाडी मागवणाऱ्यालाही असली पाहिजे.

एका गुंठ्याच्या अंगणात, म्हणजे १,०८९ चौरस फुटांत, फूटभर लाल माती भरायची तर सुमारे ११ ब्रास, वजनाने चाळीस टनांच्या घरात, माती डोंगरावरून उतरवावी लागते आणि तेवढीच काळी माती कुठे तरी नेऊन टाकावी लागते. त्याच अंगणावर दोन इंच कुजलेले शेणखत पसरायला दोन ब्रासही लागत नाहीत, आणि त्यावर टाकायचा पाचोळा झाडे फुकट देतात. म्हणून मातीची गाडी सांगण्याआधी प्रत्येक घरमालकाने एवढेच करावे: वाफशावर अंगणात फूटभर खोल खड्डा खणावा, तो पाण्याने भरून एकदा जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासाभराने पाणी किती उतरले ते पट्टीने मोजावे. इंचभर उतरले असेल तर माती निरोगी आहे, तिला फक्त झाकावे. उतरले नसेल तर ती बहुधा चेपलेली आहे, तिला उकलून मग झाकावे. दोन्ही वेळा माती तीच ठेवावी.